कासोरातीचा शेटजी

पैसेवाल्या माणसाने स्वतःचं चित्र काढून घेतलं की त्यात काय असणार, हे आपण चित्र न बघताच ठरवून टाकतो. त्यात आपला फारसा दोष नाही. संस्थांच्या हॉलमधली देणगीदारांची तैलचित्रं बघत बघत आपण मोठे झालो. खुर्ची कोरीव, एक हात कुठल्यातरी जाड ग्रंथावर (जो बहुधा उघडलेला नसतो), चेहऱ्यावर दानशूरपणा, आणि चित्रकाराने सांभाळून घेतलेलं पोट. पैसे देणारा खूष, घेणारा खूष, बघणारा जांभया देतोय.

म्हणून मला फेलीचे कासोराती या इटालियन चित्रकाराने १९२२ साली काढलेली रिकार्दो गुआलीनो आणि त्याची बायको चेझरीना यांची चित्रं इतकी आवडतात. त्यात कौतुक नाही. म्हणजे अपमानही नाही, पण कौतुक नाही. माणूस समोर ठेवलाय, भोवतीची जागा फूटपट्टीने आखल्यासारखी नीट, आणि मध्ये एक शांतता. ह्या माणसाकडे इटलीतल्या सगळ्यात मोठ्या संपत्तींपैकी एक होती. चित्र बघून ते कळत नाही. कळतं ते एवढंच, की हा माणूस आपल्याला खूष करायला इथे बसलेला नाही, आणि चित्रकारही नाही.

आधी थोडी ओळख करून देतो, कारण ही नावं आपल्याकडे फारशी येत नाहीत.

कासोराती १८८३ साली नोवारात जन्मला. आधी संगीत, मग कायद्याची पदवी, मग चित्रकला, असा वळसा घालून आलेला माणूस. (वकिली न केलेल्या वकिलांवर जगातली निम्मी कला चालते असं माझं जुनं मत आहे.) पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो आई आणि बहिणींसकट तोरिनोत, म्हणजे आपण ज्याला ट्यूरिन म्हणतो तिथे, येऊन राहिला आणि १९६३ साली वारला तोही तिथेच. पॅरिसला जाऊन उपाशी राहणं, मग गाजणं, मग अकाली मरणं हा नेहमीचा कार्यक्रम त्याने केला नाही. एका गावात राहिला, शिकवलं, काम केलं.

गुआलीनो १८७९ चा, बिएल्ला गावचा. लाकडाच्या धंद्यात सुरुवात, मग सिमेंट, मग सेंट पीटर्सबर्गला नवी वस्ती उभारायचा बेत. तो युद्धात आणि क्रांतीत वाहून गेला. माणूस असा की मोठी उडी मारायची, आपटायचं, उठायचं आणि आधीपेक्षा मोठी उडी मारायची. १९१७ साली त्याने अमेरिकेहून कोळसा आणायला ‘स्निया’ नावाची जहाज कंपनी काढली. युद्ध संपलं, जहाजांचं दिवाळं वाजायची वेळ आली, तेव्हा त्याने तीच कंपनी कृत्रिम रेशमाकडे वळवली. आपल्याकडे ज्याला आर्ट सिल्क म्हणायचे, ते. गंमत म्हणजे नावाची आद्याक्षरं तीच ठेवली आणि त्यांचे अर्थ तेवढे बदलले. आधी त्यांत जहाजं होती, मग व्हिस्कोस आलं. पाटी रंगवायचा खर्चही वाचला असेल! काही वर्षांतच स्निया व्हिस्कोसा जगातल्या मोठ्या रेयॉन कंपन्यांत गणली जाऊ लागली. शिवाय चॉकलेटची कंपनी, बँका, आणि काही काळ फियाटमध्ये आन्येल्लींच्या बरोबरीची खुर्ची.

आता ज्या गोष्टीवर माझं भांडण आहे ती. कासोरातीच्या १९२२ च्या आसपासच्या चित्रांबद्दल दोन वाक्यं कायम ऐकू येतात. एक, ती थंड आहेत. दोन, ती त्या काळच्या ‘पुन्हा शिस्तीकडे’ या लाटेतली आहेत, आणि इटलीत १९२२ साली शिस्त म्हटलं की पुढे काय आलं ते आपल्याला माहीत आहे. त्या ऑक्टोबरात मुसोलिनीची माणसं रोमवर चालून गेली. श्रीमंत ग्राहक, निश्चल आकृत्या, पंधराव्या शतकातल्या जुन्या गुरूंची आठवण. म्हणजे चित्रकार आपसूकच वाऱ्याच्या बाजूचा, असा हिशोब मांडला जातो.

मला तो हिशोब चुकीचा वाटतो, आणि का ते सांगायला त्याच वर्षीचं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र घेतो, ‘सिल्वाना चेन्नी’. टेंपेरामध्ये रंगवलेलं, सुमारे दोन मीटर उंच. एक बाई पांढऱ्या कपड्यात आपल्या अगदी समोर बसली आहे. पापण्या खाली. मागे उघडी खिडकी, खिडकीतून तोरिनोची टेकडी आणि तिच्यावरचं कापुचिनी साधूंचं चर्च. जमिनीवर पुस्तकं आणि गुंडाळ्या पडलेल्या. बस्स. अभ्यासक लगेच पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं नाव घेतात, त्याची ती अंगरख्याखाली सगळ्या गावाला घेणारी मेरी आठवते म्हणतात. आठवतेच. पण फरक बघा. पिएरोच्या मेरीने अंगरखा पसरलाय, तिच्याखाली माणसं आहेत, ती कोणाचीतरी आहे. सिल्वाना चेन्नी कोणाचीच नाही. तिच्या आश्रयाला कोणी नाही, ती कोणाच्या आश्रयाला नाही. देवघरातल्या मूर्तीसारखी मधोमध बसलीये, आणि तिच्याकडे मागायला काही गेलात तर ती डोळे उघडणार नाही.

ही शिस्त नव्हे. शिस्तीतला माणूस हुकमाची वाट बघत असतो, त्याचे कान टवकारलेले असतात. या बाईला हुकूम ऐकूच येणार नाही. मी ह्या चित्राच्या छापील प्रती पुष्कळदा न्याहाळल्या आहेत आणि दरवेळी मला वाटतं ते हेच: ती थंड नाही, ती हलवता न येणारी आहे. आणि हुकूमशाहीला गर्दी लागते, हात वर करणारी, घोषणा देणारी, एकाच दिशेला मान वळवणारी. कासोरातीच्या चित्रांत दोन माणसं असली तरी एकमेकांकडे बघत नाहीत, तर गर्दी कुठून होणार?

बरं, हे नुसतं चित्र बघून काढलेलं अनुमान आहे असं म्हणाल, तर त्याच्याभोवतीची माणसं बघा. त्याचा तरुण मित्र पिएरो गोबेत्ती. त्याने १९२३ साली कासोरातीवर पहिलं पुस्तक लिहिलं तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. मुसोलिनीचा कट्टर विरोधक. त्याच्याशी असलेल्या संबंधांमुळे त्याच वर्षी कासोरातीलाही थोडक्या काळासाठी अटक झाली. गोबेत्तीला मारहाण झाली, तो देश सोडून पॅरिसला गेला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये तिथे वारला, वयाची पंचविशी न गाठता. लिओनेल्लो वेन्तुरी, तोरिनोच्या विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवणारा. १९२४ च्या व्हेनिस बिएनालेत कासोरातीच्या स्वतंत्र दालनाची ओळख त्याने लिहिली. १९३१ साली प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली तेव्हा सबंध इटलीत ज्या डझनभर लोकांनी नकार दिला त्यात हा होता. देश सोडावा लागला. वर्तुळातलाच चित्रकार कार्लो लेव्ही १९३५ मध्ये दक्षिणेत हद्दपार झाला, आणि तिथल्या मुक्कामावर त्याने पुढे लिहिलेलं पुस्तक जगभर वाचलं गेलं.

आणि या सगळ्यांच्या मध्ये गुआलीनोचं घर. वेन्तुरी हाच गुआलीनोचा चित्रखरेदीतला सल्लागार. त्याच्या आधी गुआलीनोची आवड म्हणजे नवश्रीमंताची आवड होती. कासाले शहराजवळ चेरेसेतो गावी त्याने मध्ययुगीन धाटणीचा नवाकोरा किल्ला बांधून घेतला होता, यावरून कल्पना करा. वेन्तुरीने त्याला बघायला शिकवलं. मग बोत्तिचेल्लीची व्हीनस आली, सिएनाच्या दुच्चोची मेरी आली, आणि इटलीतले इतर शेटजी नाक मुरडत असताना मोदिल्यानी आला. चेझरीनाबाईंना नृत्याचं वेड, तर बेल्ला हुटर नावाच्या नर्तिकेबरोबर नृत्याची शाळा. राहत्या घरात खाजगी नाट्यगृह, ते सजवलं कासोराती आणि तरुण वास्तुविशारद आल्बेर्तो सार्तोरिस या दोघांनी. १९२५ साली तर अख्खं थिएटर, ‘तेआत्रो दी तोरिनो’, रोस्सिनीच्या ऑपेराने उघडलं. चेझरीनाबाईंची सोबतीण म्हणून राहिलेली जेसी बॉसवेल ही इंग्रज बाई कासोरातीकडे चित्रकला शिकली आणि १९२९ मध्ये ‘तोरिनोचे सहा’ म्हणून जो चित्रकारांचा गट प्रसिद्ध झाला त्यातली एकुलती एक स्त्री झाली. हे मला फार आवडतं. मालकिणीच्या सोबतीला आलेली बाई मालकांच्या संग्रहाच्या पलीकडे निघून गेली.

१९२८ साली गुआलीनोने संग्रहातला मोठा भाग तोरिनोच्या गॅलेरिया साबाउदात लोकांना बघायला मांडला. म्हणजे दार उघडलं. आश्रयदाता मोजायचं माझं माप इथे आहे: त्याने किती घेतलं हे नव्हे. आपल्याला न चढवणारं चित्र त्याला भिंतीवर सहन झालं का, आणि त्याच्या दारातून आणखी कोण आत आलं. गुआलीनो दोन्हीत उतरतो.

इथे आमच्या बापूकाकांचा आक्षेप नोंदवायलाच हवा. काकांची हयात बँकेत गेली आणि हा विषय जेवताना निघाला तेव्हा त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, “ज्यांचे शेअर बुडाले, त्यांनी कुठली व्हीनस बघायची?”

प्रश्न रास्त आहे. गुआलीनोचा पैसा कागदावर चढणारा पैसा होता. स्नियाचे शेअर चढले तेव्हा अवाच्या सवा चढले आणि मग कोसळले. १९२६ च्या ऑगस्टमध्ये मुसोलिनीने लिरा वर खेचायची घोषणा केली, एका पौंडाला नव्वद लिऱ्याचं लक्ष्य ठेवून. निर्यातीवर जगणाऱ्या रेयॉनचं त्याने कंबरडं मोडलं. गुआलीनोने विरोध केला आणि तो सरकारच्या डोळ्यावर आला. पुढे १९२९ ची मंदी, १९३० मध्ये पॅरिसच्या ऊस्त्रिक बँकेचं बुडणं, ज्यात गुआलीनोचे हात खोलवर गुंतलेले. या सगळ्यात ज्यांनी घरखर्चातून वाचवून चार शेअर घेतले असतील त्यांची तैलचित्रं कोणी काढलेली नाहीत.

काकांनी जे विचारलं नाही ते मी विचारतो, कारण ते मला शेअरपेक्षा जास्त टोचतं. व्हिस्कोस कशाने बनतं? लाकडाचा लगदा, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड. हा तिसरा पदार्थ मज्जासंस्थेवर जातो. हातापायांना मुंग्या, थरथर, झोप उडणं, आणि जास्त झालं तर डोक्यावर परिणाम. जगभरच्या व्हिस्कोस गिरण्यांतल्या कामगारांनी हे भोगलं आहे, आणि पिएमोंतेतल्या गिरण्यांतले असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत. कासोरातीच्या चित्रातली ती न थरथरणारी शांतता एका बाजूला, आणि ज्या धंद्यातून ते घर चालत होतं त्याची ही थरथर दुसऱ्या बाजूला. हे मनात आल्यावर ते चित्र मला पहिल्यासारखं बघता येत नाही.

मग काय, चित्र भिंतीवरून काढायचं? अजिबात नाही. आणि ‘कला वेगळी, पैसा वेगळा’ म्हणून हात झटकणंही मला मान्य नाही. वेगळे कसे? त्याच पैशाने थिएटर उघडलं, त्याच पैशाने रोस्सिनी झाला. माझं म्हणणं इतकंच की चित्राखालच्या पाटीवर दोन्ही लिहा. माहिती म्हणून लिहा, शरम वाटावी म्हणून नको. ‘रिकार्दो गुआलीनो, उद्योगपती आणि संग्राहक’ असं लिहून मोकळं होतात, त्यात उद्योग कसला होता आणि तो कोणाच्या नाकातोंडात जात होता हेही येऊ दे. वाचणाऱ्याला झेपतं. ज्या चित्रकाराने शेटजींचं पोट लपवलं नाही, त्याच्या चित्राखाली निदान एवढी पाटी शोभून दिसेल.

काकांना हे अर्धंच पटलं. “पाटी लावून पैसे परत मिळतात का?” म्हणाले. नाही मिळत.

पण गुआलीनोला ज्यासाठी शिक्षा झाली ती मात्र यांपैकी कशासाठीही नव्हती असं मला स्पष्ट दिसतं. जानेवारी १९३१ मध्ये त्याला अटक करून लिपारी बेटावर पाठवलं. आरोप काय, तर राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान. तेव्हा नुकसान करणारे इतरही बरेच होते आणि ते तोरिनो-मिलानोत सुखाने कॉफी पीत होते. लिपारी हे राजकीय विरोधकांना डांबायचं बेट. कोर्ट नाही, खटला नाही, सरकारी समिती बसते आणि माणूस बोटीत बसतो. कामगारांची विषबाधा आणि छोट्या गुंतवणूकदारांचं दुःख यांसाठी राजवटीने त्याला बोलावलं असतं तर मी आज वेगळा लेख लिहिला असता. बोलावलं ते तो ऐकत नव्हता म्हणून.

आणि मग सगळ्यात मजेची (की संतापाची?) गोष्ट. संग्रह कर्जापोटी गेला. काही चित्रं सरकारच्या हाती आली, काही बँक ऑफ इटलीकडे. आणि ज्या राजवटीने मालकाला बेटावर टाकलं, तिच्याच लंडनमधल्या वकिलातीच्या भिंती त्याच्या चित्रांनी सजल्या. चालायला लागलं की जप्तीचा माल, टांगायला लागलं की राष्ट्राचं वैभव. युद्धानंतर ती तोरिनोला परत आली. आज गॅलेरिया साबाउदात गेलात तर बोत्तिचेल्लीची व्हीनस दिसेल, आणि दुच्चोची मेरी दिसेल जिला अजूनही ‘मादोन्ना गुआलीनो’ म्हणतात. सातशे वर्षांच्या चित्राला जेमतेम काही वर्षं सांभाळणाऱ्या माणसाचं नाव चिकटलं. २०१९ मध्ये तोरिनोच्या राजवाडा-संग्रहालयांनी गुआलीनोवर मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात संग्राहक आणि उद्योजक असे दोन्ही शब्द शीर्षकात होते. पाटीच्या दिशेने निदान एक पाऊल.

त्याने बांधलेल्या कचेरीच्या इमारतीबद्दलही थोडं. कोर्सो व्हित्तोरियो एमानुएले रस्त्यावरची, १९२८ ते ३० मधली, जुझेप्पे पागानो आणि जीनो लेव्ही-मोंताल्चीनी या दोघांनी आखलेली. यातला जीनो हा नोबेलविजेत्या रीता लेव्ही-मोंताल्चीनींचा भाऊ, आणि रीताबाईंची जुळी बहीण पाओला ही कासोरातीची विद्यार्थिनी. तोरिनो तसं लहानच गाव म्हणायचं. पागानो पुढे फॅसिस्टांच्या विरोधात गेला आणि १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मेला. ‘थंड’ चित्रांच्या भोवती जमलेल्या माणसांचं हे असं झालं. यांना वाऱ्याच्या बाजूचे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कासोराती मात्र राहिला. अकादमीत शिकवत राहिला, इंग्रज चित्रकार डॅफ्नी मॉमशी (हो, सॉमरसेट मॉमची पुतणी) लग्न केलं, पावारोलो गावातल्या घरी उन्हाळे काढले, अंडी आणि वाडगे रंगवले. त्याने वीरश्री दाखवली असं मी म्हणणार नाही, सरकारी प्रदर्शनांत त्याचीही चित्रं लागली. पण १९३४ चं ‘पावारोलोतली डॅफ्नी’ बघितलं तर खिडकी तशीच उघडी आहे आणि घोषणा कुठेच नाही.

गुआलीनो लिपारीवर आठवणी लिहीत बसला, सुटला, आणि सवयीप्रमाणे पुन्हा उडी मारली. १९३४ मध्ये ‘लुक्स फिल्म’ नावाची चित्रपट कंपनी काढली. त्या कंपनीच्या छत्राखाली १९४९ साली जुझेप्पे दे सांतिसचा ‘रिझो आमारो’ आला. व्हेर्चेल्लीची भातशेती, गुडघाभर पाण्यात लावणी करणाऱ्या बायका, मुकादमाशी भांडणं, मजुरीची बोलाचाली, आणि अर्ध्या चड्डीत उभी राहून सबंध इटलीची झोप उडवणारी सिल्वाना मांगानो. पात्राचं नावही सिल्वानाच. कासोरातीच्या नोवारापासून ती शेतं हाकेच्या अंतरावर आहेत. ही सिल्वाना मात्र क्षणभर स्वस्थ बसत नाही, नाचते, चोरी करते, डोळ्याला डोळा भिडवते. बापूकाकांनी तो पिक्चर कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत बघितला होता. पैसे कोणाचे ते मी सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “त्या पिक्चरचं तिकीट मात्र वसूल झालं होतं.”